एकाच बाजूचं डोकं वारंवार दुखतंय, कारणं काय असू शकतात?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३४, मराठी शाळेत शिक्षिका, रोज बसनं जाणं-येणं. महिन्यातनं चार-पाच वेळा उजवीकडचं डोकं उठतं, कधीकधी डावीकडचं, सुरू झालं की अख्खा दिवस जातो, उलटी झाली की जरा बरं वाटतं. पित्ताचं औषध झालं, सायनसचा एक्सरे झाला, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, सीटी स्कॅन नॉर्मल आला. गेल्या सहा-सात महिन्यांपासून मात्र रोजच बारीक ठणका असतो आणि मेडिकलमधनं आणलेली गोळी आठवड्यातनं चार-पाच दिवस घ्यावी लागते. सासूबाई म्हणतात पित्त आहे, शेजारचे म्हणतात मेंदूचं काहीतरी असेल, एमआरआय करा. नेमकं काय असू शकतं, आणि दहा वर्षांच्या मुलीलाही हे लागेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यातच बरंचसं उत्तर आहे. मी बेळगाव भागात बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय आणि अर्ध्या डोक्याच्या दुखण्याचे पेशंट जवळजवळ रोज बघतो, चंदगड-गडहिंग्लजकडचे असोत की बैलहोंगल-गोकाककडचे, कुणी अर्धं डोस्कं उठलंय म्हणतं, कुणी कानडीत तलेनोवू म्हणतं, पण हातातली फाईल सगळ्यांची सारखीच. एक्सरे, स्कॅन, चष्म्याची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट. आणि दुखणं किती वेळ टिकतं, कसं दुखतं, दुखत असताना माणूस काय करतो, हे त्या फाईलमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. डोकेदुखीचं निदान बहुतेक वेळा ह्याच तीन गोष्टींवर होतं. म्हणून मी कारणं सांगताना वेळेपासनं सुरुवात करतो.

दुखणं चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतंय, एका बाजूला ठणकतंय, जिना चढला किंवा वाकून काही उचललं की वाढतंय, मळमळतंय, उजेड आणि आवाज नको वाटतोय, माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतोय, असं असेल तर ती मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या निकषात ४ ते ७२ तास अशी वेळ दिलीय आणि असे किमान ५ अटॅक येऊन गेलेले असावेत असं म्हटलंय. सगळीच लक्षणं सगळ्यांना असतात असं नाही. बाजू बदलणं हे सुद्धा मायग्रेनकडंच बोट दाखवतं, तुमचं कधी उजवीकडं कधी डावीकडं होतं ना, ते वाचून मला जरा हायसंच वाटलं. कारण आत गाठ वगैरे असेल तर ती काही ह्या बाजूची त्या बाजूला जात नाही.

हे होतं कसं, तर चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना नेणारी जी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल, तिचे धागे मेंदूवरच्या आवरणापर्यंत गेलेले असतात. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, पण ह्या आवरणाला आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांना कळतं. अटॅकमध्ये ह्या धाग्यांतून सीजीआरपी नावाचं एक रसायन सुटतं आणि ठणका सुरू होतो. पूर्वी वाटायचं फक्त रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखतं, आता कळतंय की गडबड मेंदूच्या आतूनच सुरू होते, आणि दुखायच्या आदल्या दिवसापासून होते. म्हणजे जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. आपल्याकडं ह्यात एक गंमतशीर घोटाळा होतो, आदल्या दिवशी गोड खावंसं वाटलं म्हणून कुंदा खाल्ला, दुसऱ्या दिवशी डोकं उठलं, मग दोष कुंद्याला. खरं तर ती खायची ओढ हीच अटॅकची सुरुवात असू शकते. म्हणून एखादा पदार्थ कायमचा बंद करायच्या आधी दोन-तीन वेळा नीट ताडून बघा, उगाच ताटातलं एकेक कमी करत जाऊ नका.

आता पित्ताचं. सासूबाईंना चुकीचं ठरवायचं म्हणून नाही सांगत, त्यांनी जे डोळ्यानं बघितलंय ते खरंच आहे, डोकं दुखतं, आंबट-कडू उलटी होते, उलटी झाली की उतार पडतो. पण क्रम उलटा आहे. मायग्रेनच्या अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढं सरकत नाही, मळमळ आणि उलटी होते. म्हणजे सुरुवात डोक्यातनं आणि परिणाम पोटावर. ह्याच कारणानं उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि लागू पडत नाही. त्यामुळं मीठ-पाणी पिऊन, घशात बोटं घालून पित्त पाडायचं हे कृपा करून करू नका, अंगातलं पाणी कमी होतं आणि त्रास अजून वाढू शकतो. पण वेळेवर जेवा, उपाशी राहू नका, जागरण नको हे जे घरातली जुनी माणसं पित्तासाठी सांगतात ना, ते मायग्रेनला शंभर टक्के लागू आहे, ते सोडू नका.

सायनसचं पण तसंच. खानापूर-जांबोटी पट्ट्यात पाऊस एवढा, गारठा एवढा, की इथं कपाळ दुखलं की सायनस हे ठरलेलंच. २००४ साली अमेरिकेत सुमारे ३००० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं म्हणणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले लोक, आणि त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. कारण मायग्रेनमध्ये सुद्धा नाक चोंदतं, डोळ्यातनं पाणी येतं, गालावर दाब वाटतो, नस तीच आहे. खऱ्या सायनसमध्ये घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं असं काहीतरी असतं आणि ते दिवसभरात येऊन जात नाही, आठवडा-दोन आठवडे चालतं. एक्सरेमध्ये थोडं पांढुरकं दिसलं म्हणून दर दोन महिन्याला अँटिबायोटिकचा कोर्स करणारे लोक मला भेटतात, वाईट वाटतं. चष्म्याचं तर, नंबर चुकलेला असेल तर संध्याकाळी डोळे ओढल्यासारखे होतात, कपाळ जड होतं, पण उलटीसकट अर्धं डोकं ठणकणं हे नंबरचं काम नाही.

मग अटॅक येतो कधी? घागर भरत आली की शेवटच्या ओंजळीनं सांडते तसं असतं, त्या शेवटच्या ओंजळीलाच दोष देऊन उपयोग नसतो. झोप कमी झालीय, पाळी दोन दिवसांवर आलीय, सकाळची बस गाठायची म्हणून नाष्टा राहिलाय, त्यात उन्हात उभं राहून प्रार्थना आणि मग वर्गात चाळीस पोरांचा आवाज, ह्यातलं एकटं काही असतं तर कदाचित निभावलं असतं. आपल्या भागात मी बघितलेली कारणं सांगतो. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावणी सोमवार, म्हणजे उपवास, त्यात चहावर चहा. बेळगावातली गणपतीची रात्रभर चालणारी विसर्जन मिरवणूक, आवाज आणि जागरण दोन्ही. चैत्र-वैशाखातलं ऊन. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आल्यावर, ऊन, गर्दी, प्रवास, जेवणाची वेळ चुकलेली. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना त्या उग्र वासानं. चहाचं एक वेगळं आहे, रोज पाच-सहा कप पिणाऱ्यानं एकदम बंद केला की दुसऱ्या दिवशी डोकं उठू शकतं, कमी करायचा तर हळूहळू. आणि पाळीच्या आधी दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस ह्या काळात येणारे अटॅक जास्त जोरात आणि जास्त लांबणारे असतात, बायकांमध्ये मायग्रेन पुरुषांच्या जवळपास तिप्पट दिसतो त्याला हार्मोन हे मोठं कारण आहे.

तुमच्या प्रश्नात मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आठवड्यातनं चार-पाच दिवस गोळी, आणि सहा-सात महिन्यांपासून रोजचा बारीक ठणका. ताई, हे आता नुसतं मायग्रेन राहिलेलं नाही, ह्यात गोळीमुळं होणारी डोकेदुखी मिसळलीय असं मला वाटतं. साधी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारखी गोळी महिन्यातनं १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन मिसळलेल्या एकत्र गोळ्या, अर्गोटामीन, ट्रिप्टान, ट्रामाडोल असलं काही महिन्यातनं १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की मेंदू त्या गोळीला सरावतो, असर उतरला की परत दुखतं, परत गोळी. लोकांना वाटतं आजार वाढला म्हणून गोळी वाढली. किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर दोन-चार रुपयाला सुटी गोळी मिळते, गोळीत काय आहे कुणी वाचत नाही. तुम्ही घेताय त्या पाकिटाच्या मागं बघा, एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतील, त्यातलं एक बहुतेक कॅफीन. अर्गोटामीन असेल तर अजून जपा, गरोदरपणात, हृदयाचा त्रास असताना, जास्त बीपी असताना ते चालत नाही. आणि रोजच्या पेनकिलरनं किडनी आणि जठर दोन्ही खराब होऊ शकतात हे तुम्हाला माहीत असेलच.

ह्यावर उपाय म्हणजे ती गोळी बंद करणं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिला आठवडा-दहा दिवस वाईट जातात, दुखणं वाढतं, हे मी पेशंटला आणि घरच्यांना दोघांनाही आधीच सांगतो, नाहीतर चौथ्या दिवशी कुणीतरी दया येऊन गोळी हातात ठेवतं. जमलं तर सुट्टीत करा, परीक्षेच्या दिवसांत नको. त्याच वेळी रोजचं प्रतिबंधक औषध सुरू करायचं. महिन्यातनं चार किंवा जास्त दिवस मायग्रेनमध्ये जात असतील तर तसंही ते द्यावं असंच मानतात. प्रोप्रॅनोलॉल देतो आम्ही, पण दमा असेल तर ते नको. ॲमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये रात्री, झोपही लागते. फ्लुनारिझिननं वजन वाढतं, सुस्ती येते, काहींना उदास वाटतं, हे देताना सांगायलाच पाहिजे. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या बाईला शक्यतो टाळतो, बाळाला धोका असतो. ही औषधं दोन-तीन महिने नियमित घेतल्यावर कळतं लागू पडतात की नाही, आठ दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. अलीकडं २०१८ पासून सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनं जगात आलीत, चांगली आहेत पण खर्चिक, आधी हे साधं करून बघायचं. आणि अटॅकच्या दिवशी गोळी लवकर, पूर्ण डोसमध्ये, गरज लागली तर उलटीच्या औषधाबरोबर, पण आठवड्यातनं दोन दिवसांपेक्षा जास्त नाही.

आता मायग्रेन सोडून बाकीची कारणं, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांचं दुखणं ताईंसारखं नसेल.

एक आजार असा आहे की जो ऐकल्याबरोबर ओळखता येतो तरी पेशंट वर्षानुवर्षं फिरत असतो. बहुतेक वेळा तरुण किंवा मध्यम वयाचा पुरुष, उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्ट करणारा असेल, शेती करणारा असेल, रात्री ठरलेल्या वेळी झोपेतनं उठतो, एका डोळ्यामागं असह्य कळ, तोच डोळा लाल, पाणी गळतंय, त्याच बाजूचं नाक वाहतंय, पापणी उतरलीय, आणि तो पडून राहूच शकत नाही, घरभर येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. १५ मिनिटं ते तीन तासांत थांबतं. असं काही आठवडे रोज, मग महिनोन्महिने काहीच नाही. हे क्लस्टर हेडेक. घरचे घाबरतात, बाहेरचं काहीतरी म्हणून देवर्षीकडं नेतात. त्या दिवसांत थोडी जरी दारू घेतली तरी अटॅक येऊ शकतो. ह्याचा उपाय ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, मास्कमधनं शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, साधारण १५ मिनिटं, आणि अनेकांचं दुखणं तिथंच उतरतं. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन आणि अटॅक रोखायला व्हेरापामिल, पण व्हेरापामिल ईसीजीवर लक्ष ठेवून. असं कुणी घरात असेल तर न्यूरोलॉजिस्टकडं न्या, पेनकिलरवर काढू नका, त्या गोळीचा असर यायच्या आत अटॅक संपलेला असतो.

अशाच लाल डोळ्याचे पण छोटे, २ ते ३० मिनिटांचे आणि दिवसातनं पाचापेक्षा जास्त वेळा येणारे अटॅक असतील, किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त एकाच बाजूला न थांबता दुखत असेल, तर इंडोमेथासिन नावाच्या औषधानं पूर्ण थांबणारे दोन आजार आहेत. विरळ आहेत, पण डॉक्टरांना वेळेचा हिशेब नीट सांगितला तरच डोक्यात येतात.

कळ सेकंदात येऊन जात असेल, शॉक बसल्यासारखी, गालात, दाढेत, हिरड्यात, आणि दात घासताना, चावताना, दाढी करताना, गाडीवर वारं लागल्यावर येत असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. ह्यात चांगल्या दाढा काढून बसलेले लोक असतात. कार्बामॅझेपिननं आराम पडतो, मात्र अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं, पुढची गोळी घ्यायची नाही. उलट, दाढ खरंच किडलेली असणं, अक्कलदाढ, जबड्याचा सांधा ही पण कारणं आहेतच, गुटखा-सुपारी सतत चघळणाऱ्यांत आणि रात्री दात खाणाऱ्यांत कानशील दुखतं, तोंड पूर्ण उघडत नाही.

मानेतनं येणारी डोकेदुखी बहुतेक वेळा एकाच बाजूला असते, मानेपासनं वर चढते, मान वळवली की वाढते. निपाणीत विड्या वळणाऱ्या, वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्या, वह्या तपासत बसणाऱ्या सगळ्यांना मानेचा त्रास असतो. पण मायग्रेनमध्येही मान आखडते, आणि चाळिशीनंतर मानेच्या एक्सरेत गॅप कुणाला दिसत नाही? त्यामुळं नुसत्या गॅपवर निदान करून पट्टा लावून फिरू नका. व्यायाम आणि बसायची पद्धत जास्त कामाची.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशिलात दुखायला लागलं, केस विंचरताना टाळू दुखते, जेवताना जबडा दमतो, वजन उतरतंय, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. ईएसआर, सीआरपी ह्या साध्या रक्ततपासण्या त्याच दिवशी करा, कारण उशीर झाला तर डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते आणि स्टिरॉइड वेळेत दिलं तर वाचू शकते. तसंच एक डोळा लाल, नजर धूसर, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय आणि उलट्या, हा काचबिंदूचा तीव्र अटॅक, रात्र असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडं.

आणि खालच्या गोष्टींना वाट बघायची नाही, गावातनं रात्री गाडी मिळत नसेल तर १०८ लावा. आयुष्यात कधी नव्हती एवढी जोराची डोकेदुखी, एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेली. ताप आणि मान न वाकणं. फिट येणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाची दोन दिसणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्यानं सुरू झालेली, कारण तेव्हा बीपी वाढलेलं असू शकतं आणि मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठही होऊ शकते. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी. मानेत एका बाजूला अचानक कळ येऊन त्याच बाजूची पापणी उतरणं. खोकताना, वाकताना किंवा पहाटे आडवं असताना रोज वाढत जाणारी डोकेदुखी पण लवकर दाखवायची, तिथं स्कॅन लागतोच.

तुमच्यात ह्यातलं काही नाही, ताई, स्कॅन नॉर्मल आहे, वर्षानुवर्षं तोच प्रकार आहे, त्यामुळं एकदा डॉक्टरांनी नसांची तपासणी करून, डोळ्याच्या मागचा पडदा बघून सगळं ठीक म्हटलं तर एमआरआयवर पैसे घालायची मला तरी घाई वाटत नाही. त्यापेक्षा घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. दुखलेल्या दिवशी एक खूण, गोळी घेतलेल्या दिवशी दुसरी, पाळीच्या दिवशी तिसरी, आणि किती तास दुखलं तो आकडा. दोन महिन्यांचं ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरकडं जा. दुखायच्या आधी डोळ्यापुढं वेड्यावाकड्या चमकणाऱ्या रेषा दिसत असतील आणि पाच मिनिटं ते तासाभरात जात असतील तर तेही सांगा, कारण अशा बाईनं इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, पक्षाघाताचा धोका वाढतो.

मुलीचं म्हणाल तर मायग्रेन घराण्यात चालतो, आईला असेल तर मुलांना व्हायची शक्यता वाढते, पण होईलच असं नाही. लहान मुलांत तो वेगळा दिसतो, बऱ्याचदा दोन-तीन तासांतच संपतो, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना किंवा कपाळात असतो, आणि काहींचं डोकं दुखतच नाही, पोट दुखतं, बेंबीभोवती, सारखं सारखं, तपासण्या नॉर्मल. चोर्ला घाटात बसमध्ये उलट्या करणारी पोरं पण ह्यात बरीच असतात. ती मध्येच खेळ सोडून अंधारात जाऊन झोपली आणि उठल्यावर ठणठणीत असली तर शाळा बुडवायचं निमित्त समजू नका, तुमच्या वर्गातल्या पोरांच्या बाबतीतही. सकाळी काहीतरी खाऊनच शाळेत, पाण्याची बाटली, झोपेची वेळ ठरलेली आणि रात्री मोबाईल बाजूला, एवढ्यावर बऱ्याच मुलांचे अटॅक कमी होतात. औषध लागलंच तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, डोस डॉक्टरांना विचारून, ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको. आणि तुमच्या पर्समधली ती पाकिटातली गोळी अर्धी करून तिला देऊ नका.